एकविसावा रकाना

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या प्रत्येकाची पहिल्याच आठवड्यात एका लाल ओळीशी गाठ पडते : 'इंडेक्स एरर : लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज'. लिस्टमध्ये नावं पाच आहेत आणि तुम्ही सहावं मागितलंत. पायथन तिथल्या तिथे थांबतो, कुठल्या ओळीत घोळ आहे तेही सांगतो. पोरं वैतागतात, शिकवणारा हसतो, एखादा आकडा बदलला की गाडी पुढे सरकते.

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी विमानतळ, इस्पितळं, बँका आणि टीव्ही वाहिन्यांची मिळून सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पडली. मागे ना हॅकर होता, ना शत्रुराष्ट्र. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरने वीस गोष्टींच्या यादीतून एकविसावी मागितली होती. कंपनीने पुढे स्वतःच्या अहवालात हे आकड्यांसकट छापलं. लाल ओळ मात्र कुणालाही दिसली नाही, कारण ती दाखवायची सोयच केलेली नव्हती.

खालच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

१४२ दिवस बाकी : २८ फेब्रुवारी

क्राउडस्ट्राइकचं 'फाल्कन' हे उत्पादन मोठमोठ्या कंपन्यांच्या मशीनवर पहारा करतं. त्याचा 'सेन्सर' विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच, ड्रायव्हर म्हणून बसतो. तिथे बसल्याशिवाय चोरावर नीट नजर ठेवता येत नाही, असा या धंद्याचा युक्तिवाद आहे. त्याची किंमत अशी, की तिथे ठेच लागली तर तो एकटा प्रोग्रॅम पडत नाही, अख्खं मशीन पडतं.

२८ फेब्रुवारीला सेन्सरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांसाठी खुली झाली. तिच्यात एक नवी सोय होती. विंडोजमध्ये दोन प्रोग्रॅम 'नेम्ड पाइप' नावाच्या वाटेने एकमेकांशी बोलतात. हल्लेखोरांची साधनंही हीच वाट वापरतात, तेव्हा तिच्यावर पाळत ठेवायची. त्यासाठी एक साचा ठरला. साच्यात रकाने एकवीस. पुढे जो कुणी नियम लिहील त्याने या एकवीस रकान्यांत काय जुळायला हवं ते भरायचं.

आणि सेन्सरमधला जो कोड प्रत्यक्ष मशीनवरची माहिती गोळा करून तपासणाऱ्या भागाकडे सोपवतो, तो देत होता वीस गोष्टी.

झाली चूक ती इथेच झाली. बाकी सगळे तिचे परिणाम.

नवशिक्यांची या बाबतीतली सर्वांत जुनी खोड म्हणजे मोजणी. यादीचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. वीस घटक असतील तर क्रमांक ० ते १९. लांबी वीस, म्हणून शेवटचा घटक २० नंबरवर असणार, असं धरून चाललं की लाल ओळ आलीच. पण क्राउडस्ट्राइकचं दुखणं या मोजणीचं नव्हतं. तिथे एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला गेला होता आणि दोन्हीकडे वेगवेगळा. हीसुद्धा नवशिक्यांचीच चूक, फक्त ती उशिरा उमगते. नावांची एक लिस्ट आहे, गुणांची दुसरी. नावं एकवीस, गुण वीस, कारण एकाचे भरायचे राहून गेले. पायथनच्या 'झिप'ने दोन्ही लिस्ट जोडल्या की वीस जोड्या मिळतात आणि एकविसावा विद्यार्थी निकालातून गायब. झिप मुकाट्याने आखूड लिस्टपाशी थांबतो. 'लांबी जुळली नाही तर ओरड' असं त्याला बजावण्याची सोय ३.१० या आवृत्तीत, २०२१ मध्ये आली. तीही आपणहून मागावी लागते. मागतं कोण?

१३६ दिवस बाकी : ५ मार्च

नव्या साच्याची दमछाक चाचणी झाली. पास. त्याच दिवशी पहिला नियम जगभरच्या मशीन्सवर गेला. काही बिघडलं नाही.

का बिघडलं नाही, हे नीट बघण्यासारखं आहे, कारण या सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे. स्ट्रिंग जुळवताना 'इथे काहीही चालेल' अशी एक खूण वापरतात, बोलीत स्टार. फाइल शोधताना आपण वापरतो तोच हा स्टार. चाचणीसाठी जे नियम तयार केले होते त्या सगळ्यांत एकविसाव्या रकान्यात स्टार होता. काहीही चालणार असेल तर तिथे काय आहे ते बघायची गरजच नाही, म्हणून सॉफ्टवेअर एकविसाव्या वस्तूकडे वळलंच नाही. पहिल्या वीस तपासल्या आणि कारभार आटोपला. नसलेली वस्तू कुणी मागितलीच नाही, त्यामुळे ती नाही हेही कुणाला कळलं नाही.

कोणत्याही क्लासमध्ये हे रोज घडतं. पूर्ण नाव घेऊन त्यातून आडनाव काढा, असा सराव देतात. आपल्याकडचा विद्यार्थी स्ट्रिंग मोकळ्या जागेवर तोडतो आणि तिसरा शब्द उचलतो : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. स्वतःचं नाव घालून बघतो, मित्रांची घालतो, सगळी चालतात. महाराष्ट्रातल्या रेशनकार्डावर वाढलेल्या नावांना हा प्रोग्रॅम बिनतक्रार पुरतो. मग कुणीतरी दोनच शब्दांचं नाव भरतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. ते परवडलं. कुणी चार शब्दांचं भरलं तर प्रोग्रॅम कोसळत नाही, तिसराच कुठला तरी शब्द आडनाव म्हणून बिनदिक्कत छापतो, आणि ते पत्र पोस्टात पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. विद्यार्थ्याला विचारा, तो म्हणेल, 'सर, मी टेस्ट केलं होतं.' केलेलं असतं. जे आहे त्याचीच टेस्ट केलेली असते.

८६ दिवस बाकी : २४ एप्रिल

८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान याच साच्याचे आणखी तीन नियम गेले. तिन्ही सुरळीत. कुठल्याच नियमाने एकविसाव्या रकान्याला हात लावला नव्हता.

जुलैमध्ये दिलेल्या प्राथमिक अहवालात कंपनीने लिहिलं, की मार्चची चाचणी, तपासणाऱ्या प्रोग्रॅमवरचा विश्वास आणि आधीच्या नियमांचं यश या तीन गोष्टींच्या भरवशावर जुलैचा नियम पाठवला. तिन्ही कारणं ऐकायला रास्त वाटतात. पण तिन्ही एकाच स्टारवर उभी होती.

६ तास १३ मिनिटं बाकी : १९ जुलै, पहाटे ३:२६

भारत झोपलेला असताना मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर क्लाउडच्या, अमेरिकेच्या मध्य भागातल्या केंद्रात बिघाड सुरू झाला. काही अमेरिकन विमान कंपन्यांची उड्डाणं रखडली. याचा क्राउडस्ट्राइकशी संबंध नाही. तरी इथे नोंद करायची ती यासाठी, की सकाळी सगळं बंद पडायला लागलं तेव्हा निम्म्या जगाने 'मायक्रोसॉफ्ट डाऊन' म्हणूनच ओरड केली. चुकीच्या ठिकाणी शोधाशोध करण्यात वेळ गेला. दोन दोष एकाच दिवशी उगवले की पहिला दुसऱ्याला झाकतो, हे रात्री उशिरापर्यंत बग शोधणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

३९ मिनिटं बाकी : सकाळी ९:००

मुंबई-पुण्यात लोकल आणि कंपनीच्या बसेस माणसं ओतत होत्या. सिडनीत शुक्रवारचं जेवण उरकून दीड वाजला होता. लंडन झोपेत. न्यूयॉर्कमध्ये गुरुवारची मध्यरात्र व्हायला अर्धा तास बाकी. टेक्सासमधल्या ऑस्टिन या कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी रात्रीचे साडेदहा.

पाठवायच्या फाइलचं नाव चॅनेल फाइल २९१. तिच्यात दोन नवे नियम. त्यातल्या एकाच्या एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच स्टार नव्हता. नेमकं काहीतरी जुळवून बघा, असं म्हटलं होतं.

ही फाइल बाहेर पडण्यापूर्वी एका तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून जाते. त्याने ती पास केली. साच्यात एकवीस रकाने आहेत, नियमातही एकवीस आहेत, म्हणजे बरोबरच आहे, असा त्याचा हिशेब. समोर प्रत्यक्षात वीसच गोष्टी येणार आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हातातली नमुना उत्तरंच चुकलेली.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. या कंपनीचे ग्राहक सेन्सरची नवी आवृत्ती एक-दोन पायऱ्या मागे ठेवू शकत. नवं आधी इतरांकडे जाऊ दे, काय होतं ते बघू, मग आपण घेऊ, असा शहाणपणाचा रिवाज अनेक आयटी विभाग पाळत होते. पण ही मुभा सेन्सरच्या कोडपुरती होती. नियमांच्या फाइलला 'कंटेंट' म्हणत, आणि कंटेंट सगळ्यांकडे एकदमच जात असे. हल्लेखोर थांबत नाहीत, म्हणून आपणही थांबायचं नाही. कोडला पहारा आणि डेटाला दार सताड उघडं! नवशिक्याही हेच करतो : फंक्शन दहा वेळा तपासतो, आणि फाइलमधून येणारा डेटा सरळच असणार असं धरून चालतो.

० : सकाळी ९:३९

फाइल निघाली. जी विंडोज मशीन्स त्या वेळी चालू होती, इंटरनेटला जोडलेली होती आणि ज्यांच्यावर सेन्सरची ७.११ किंवा पुढची आवृत्ती होती, त्यांनी ती काही क्षणांत उतरवून घेतली.

आता एका मशीनच्या आत जाऊन बघू.

कुठल्या तरी प्रोग्रॅमने नेम्ड पाइपचं काही काम केलं. ही दिवसात असंख्य वेळा होणारी गोष्ट. सेन्सरने ते टिपलं आणि वीस गोष्टींची यादी तपासणाऱ्या भागाकडे दिली. या यादीत प्रत्यक्ष माहिती नसते, पत्ते असतात. मेमरीत अमुक ठिकाणी बघ, असं सांगणारे आकडे. तपासणारा भाग एकेका पत्त्यावर गेला, तिथली माहिती वाचली, नियमाशी ताडून पाहिली. विसाव्यापर्यंत काही अडलं नाही. नियमाने एकविसावी मागितली. यादी संपली होती, पण यादी संपली हे बघणारी एकही ओळ त्या कोडमध्ये नव्हती.

पायथन असता तर इथेच लाल ओळ. विंडोजचे ड्रायव्हर मात्र साधारणपणे सी किंवा सी++ मध्ये लिहितात, आणि या भाषांत यादीची हद्द सांभाळणं हे लिहिणाऱ्याचं काम. यादी जिथे संपते त्याच्या लगेच पुढे मेमरीत जे काही पडलेलं असेल ते उचलून भाषा हातात देते. ते कुणाचं, कशाचं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. सेन्सरने तो कचरा उचलला, पत्ता समजला आणि त्या पत्त्यावर गेला. त्या ठिकाणी काहीच नव्हतं.

असं साध्या प्रोग्रॅमच्या हातून झालं तर विंडोज तो प्रोग्रॅम बंद करते आणि आपण पुन्हा चालू करतो. कर्नलमध्ये असं झालं तर विंडोज स्वतःवरच विश्वास ठेवू शकत नाही. गाभ्यातला कुणीतरी भलत्या मेमरीत फिरतोय म्हटल्यावर डिस्कवरच्या माहितीचं वाटोळं होण्यापूर्वी ती सगळंच थांबवते. निळी स्क्रीन, उदास चेहरा, खाली 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'.

यावर तयार उत्तर असं, की हद्द तपासायला वेळ लागतो आणि कर्नलमध्ये वेळ महाग. हा वाद आजचा नाही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९८० साली ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं होतं, की साठच्या दशकात त्यांच्या चमूने केलेला अल्गॉल ६० चा कंपायलर यादीचा प्रत्येक क्रमांक चालत्या प्रोग्रॅममध्ये हद्दीत आहे का ते बघायचा. वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करायची मुभा हवी का, असं त्यांनी पुढे ग्राहकांना विचारलं. ग्राहकांनी एकमुखाने नको म्हणून सांगितलं. त्या काळची मशीन्स आजच्या साध्या मोबाइलपुढेही काही नव्हेत, तरी तो वेळ द्यायला ती माणसं तयार होती.

डिक्शनरी वापरली असती तर? म्हणजे क्रमांकाऐवजी नावाने मागितलं असतं तर? नसलेली 'की' मागितली की पायथन 'की एरर' म्हणून ओरडतोच. पण विद्यार्थी ही ओरड कशी बंद करतात ते पाहिलेलं असेल त्याला फार आशा वाटणार नाही. चौकोनी कंस काढून 'गेट' घालायचं. 'की' नसेल तर तो गपचूप 'नन', म्हणजे 'काही नाही', देतो. आता एरर गेली. तो 'नन' पुढे चार फंक्शनं प्रवास करतो आणि मूळ चुकीपासून दोनशे ओळी लांब, भलत्याच ठिकाणी कोसळतो. त्याहून पोचलेले लोक सगळंच 'ट्राय'मध्ये घालतात आणि 'एक्सेप्ट'खाली 'पास' लिहितात. एरर म्हणजे शिक्षा अशी समजूत एकदा झाली की ती टाळण्याच्या युक्त्या सुचत जातात. 'की' मधली आणखी एक गंमत : संख्या असलेला १ आणि स्ट्रिंग असलेला '१' या डिक्शनरीच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. फॉर्ममधून आलेला रोल नंबर नेहमी स्ट्रिंग असतो. 'सर, रोल नंबर आहे, पण सापडत नाही' ही तक्रार दर बॅचमध्ये येते.

१ तास १ मिनिट उलटून : सकाळी १०:४०

दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद. विमानतळांवर चेक-इनच्या खिडक्या थिजल्या. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेस या कंपन्यांची प्रवासी आत सोडायची यंत्रणा ठप्प झाली. काउंटरवरच्या पोरी पेन घेऊन बसल्या. बोर्डिंग पासवर नाव, विमानाचा नंबर, सीट, सगळं हाताने. त्यातल्या एका हस्तलिखित पासचा फोटो दुपारपर्यंत जगभर फिरला. दिल्लीत सुटणाऱ्या विमानांची यादी पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहीत होते.

ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटमधली पैसे भरायची यंत्रं निळी पडली, वाहिन्यांच्या स्टुडिओंत अंधार. ब्रिटन जागं होईपर्यंत स्काय न्यूजचं थेट प्रक्षेपण बंद होतं आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी उघडेनात. अमेरिकेत अलास्कासह काही राज्यांत ९११ हा तातडीचा क्रमांक अडखळला. हंगेरीत फॉर्म्युला वन शर्यतीच्या तयारीत असलेल्या मर्सिडीज संघाचे कॉम्प्युटरही बसले, ज्यांच्या गाडीवर क्राउडस्ट्राइकचीच जाहिरात होती.

आपल्याकडे शेअर बाजार सुरळीत चालले. रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं, की दहाच बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

१ तास १८ मिनिटं उलटून : सकाळी १०:५७

कंपनीने फाइल मागे घेतली आणि सुधारलेली ठेवली. चूक जिवंत राहिली ती एकूण ७८ मिनिटं.

या ७८ मिनिटांत ज्यांचं मशीन बंद होतं ते वाचले. भारतात त्या वेळी ऑफिस नुकतंच भरत होतं. वेळेवर येऊन लॅपटॉप उघडणारा अडकला आणि अकराला चहा पीत पीत पोचलेला सुटला. मॅक आणि लिनक्सवाल्यांना काही झालं नाही आणि त्यांनी ते दिवसभर सगळ्यांना ऐकवलं.

दुपार

चूक मागे घेतली म्हणजे संकट टळलं असं इथे होत नव्हतं. सेन्सर विंडोज सुरू होतानाच जागा होतो, इंटरनेट नीट जोडलं जाण्यापूर्वी. त्यामुळे मशीन चालू केलं की सेन्सर उठतो, डिस्कवरची जुनी फाइल वाचतो, एकविसावी वस्तू मागतो, निळी स्क्रीन. पुन्हा चालू, पुन्हा निळी. सुधारलेली फाइल सर्व्हरवर तयार होती, पण ती उतरवून घेण्याइतका वेळ मशीन जगतच नव्हतं. कधीमधी इंटरनेट आधी जुळायचं आणि मशीन सुटायचं. म्हणून क्लाउडमधल्या मशीन्ससाठी मायक्रोसॉफ्टनेही अधिकृतपणे सुचवलं, की पुन्हा पुन्हा रिस्टार्ट करा. काही ग्राहकांना पंधरा वेळा करावं लागलं होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा सल्ला आपल्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याच्या सल्ल्याला जाऊन मिळाला.

खात्रीचा उपाय एकच, हाताने. मशीन 'सेफ मोड'मध्ये उघडा, विंडोजच्या ड्रायव्हर फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या कप्प्यात जा, 'सी-०००००२९१' ने सुरू होणारी फाइल शोधा, पुसा, रिस्टार्ट. एका मशीनला काही मिनिटं. कंपनीत दहा हजार मशीन्स असतील तर दहा हजार वेळा, आणि प्रत्येकासमोर माणूस उभा हवा. विमानतळावरचा छताला टांगलेला फलक हाही एक कॉम्प्युटरच असतो. त्याला कीबोर्ड लावायला शिडी लागते.

त्यातून बिटलॉकर. सुरक्षेची काळजी घेणाऱ्या कंपन्या डिस्क कुलूपबंद ठेवतात. सेफ मोडमध्ये जायचं तर ४८ अंकी किल्ली द्यावी लागते. आयटीवाले फोनवरून एकेक अंक वाचून दाखवत होते. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच निळा पडून बसला होता. ज्यांनी सुरक्षेचे सगळे नियम पाळले त्यांचे हाल सर्वांत जास्त झाले.

भारताच्या सर्ट-इन या सायबरसुरक्षा संस्थेने इशारा काढला, धोक्याची पातळी 'क्रिटिकल', आणि त्यात हीच फाइल पुसायची कृती दिली.

५ तास ३६ मिनिटं उलटून : दुपारी ३:१५

कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी एक्सवर लिहिलं : हा सायबरहल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका कंटेंट अपडेटमधला दोष आहे, उपाय दिलेला आहे. माफीचा शब्द त्यात नव्हता आणि लोकांनी तो नेमका शोधला. संध्याकाळी अमेरिकन टीव्हीवर त्यांनी माफी मागितली. बोलताना घसा कोरडा पडून त्यांना पाण्याचा घोट घ्यावा लागला. एप्रिल २०१० मध्ये मॅकाफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवून जगभरची मशीन्स पाडली होती, तेव्हा मॅकाफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी हेच होते.

१७ तास २१ मिनिटं उलटून : २० जुलै, पहाटे ३:००

नागरी हवाई वाहतूकमंत्री राममोहन नायडू यांनी सांगितलं, की पहाटे तीनपासून देशातल्या विमानतळांवर कंपन्यांच्या यंत्रणा नीट चालू लागल्या आहेत. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीला इतकं जमलं नाही. कोणता वैमानिक कुठे आहे हे सांगणारी तिची यंत्रणाच सावरेना. पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली, तेरा लाख प्रवासी अडकले, आणि पन्नास कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचं सांगत प्रकरण कोर्टात गेलं.

२५ जुलै आणि २७ जुलै

दोन दुरुस्त्या झाल्या. २५ जुलैला तपासणाऱ्या भागात हद्दीची चौकशी घातली : मागितलेला क्रमांक यादीच्या लांबीच्या आत आहे का? नसेल तर वाचू नकोस. नवशिक्याला पहिल्या महिन्यात लिहायला लावतात तीच 'इफ'ची अट. २७ जुलैची दुरुस्ती मला जास्त मोलाची वाटते. साच्यात रकाने किती आणि कोड वस्तू किती देतो हे दोन आकडे जुळले नाहीत तर आता सेन्सर कंपाइलच होत नाही. पहिली दुरुस्ती पडणाऱ्याला धरते, दुसरी त्याला कठड्यापर्यंत जाऊच देत नाही. शिवाय कंटेंट यापुढे टप्प्याटप्प्याने जाईल आणि तो केव्हा घ्यायचा हे ग्राहक ठरवतील, असंही कंपनीने जाहीर केलं.

६ ऑगस्टला मूळ कारणांचा पूर्ण अहवाल आला. वीस आणि एकवीस हे आकडे पहिल्यांदा छापील स्वरूपात दिसले ते त्यात. चारच दिवसांनी लास व्हेगासच्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत कंपनीला 'सर्वांत भव्य अपयशा'चा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला कंपनीचे अध्यक्ष मायकेल सेंटोनास स्वतः मंचावर गेले. एरवी अशा पुरस्काराकडे कंपन्या ढुंकूनही बघत नाहीत.

२४ सप्टेंबर

अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर कंपनीचे वरिष्ठ अधिकारी अॅडम मेयर्स यांची साक्ष झाली. झालं काय, हे लोकप्रतिनिधींना कळावं म्हणून त्यांनी बुद्धिबळाच्या पटाचा दाखला दिला : सोंगटी अशा ठिकाणी न्यायला सांगितली जिथे घरच नव्हतं. समितीच्या अध्यक्षांना एक शंका होती. हा अपडेट पाठवायचा निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेने घेतला का? मेयर्स नाही म्हणाले. असे दहा-बारा अपडेट कंपनी रोज पाठवते, असंही त्यांनी सांगितलं.